पोटातल्याचा वाटा

आमच्या घरच्या नव्या सुना मला विचारतात, तुम्ही खरंच सायाळ खात होता का हो? आणि विचारताना नाक असं मुरडतात, जणू मी आत्ताच खाऊन उठले. खात होतो. त्यात लपवायचं काय आहे? दरेकशाच्या डोंगराखाली आमचं गाव, पुढे धानाच्या बांध्या, मागे जंगल. वर्षभर पेज आणि अंबाडीची भाजी खाणाऱ्यांच्या घरी थंडीत एखादी सायाळ आली, तर पोरं दिवसभर अंगणात नाचायची. आता कायद्यानं बंदी आहे आणि ती असावीच. जंगलच उरलं नाही तर सायाळ बिचारी राहणार कुठं? पण मी सांगते तो काळ इंग्रज नुकताच गेल्याचा, आणि तो गेला हे आमच्या गावाला कळायलाही उशीरच झाला होता. खाण्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं, आणि ती गोष्ट त्या मांसाला अशी चिकटून बसली आहे की एक आठवली की दुसरी येतेच.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. सायाळ ही उंदराच्या जातीची, पण अंगानं डुकराच्या पिलाएवढी, आणि पाठीवर वीत-दीड वीत लांबीचे काळेपांढरे काटे. दिवसा बिळात झोपायची आणि अंधार पडला की आमच्या वाडीत येऊन रताळ्याच्या वेलींची वाट लावायची. चालताना तिच्या शेपटीचे काटे एकमेकांवर आपटून वाळल्या शेंगांसारखा आवाज यायचा. तो ऐकला की सपरीत, म्हणजे ओसरीवर, निजलेला बा नुसता खाकरायचा, उठायचा नाही. सकाळी वाडीत जाऊन उकरलेली माती बघायचा, पडलेले काटे गोळा करून आणायचा आणि मायच्या हातात द्यायचा. त्यातला चांगला, टोकदार, पांढऱ्या पट्ट्यांचा काटा माय निवडून ठेवायची, कारण आमच्याकडे बायका भांग पाडायच्या तो सायाळीच्या काट्यानं. लग्नात, ओटीभरणात तर तो पाहिजेच. हा काटा तुळशीची कंठी घालून मांस सोडलेल्यांच्या घरीसुद्धा देव्हाऱ्यात असतो बरं. काटा पवित्र, मांस तेवढं वाईट! असो.

शिकार दिवसाउजेडी व्हायची. बुधराममामा नावाचे आमचे गोंड शेजारी होते, बाचे जिवाभावाचे सोबती, ते डोंगराच्या अंगाला बीळ हुडकायचे. सायाळीच्या बिळाला तोंडं बरीच असतात. एक सोडून बाकीची दगडांनी आणि काटेरी फांद्यांनी बुजवायची, एका तोंडाशी तनीस, म्हणजे धानाचं वाळकं गवत, आणि वाळक्या मिरच्या पेटवून सुपानं वारा घालायचा. मग आतून ती शेंगांची खुळखुळ सुरू व्हायची आणि माणसं गप्प होऊन काठ्या सावरायची. कुत्री मात्र शहाणी होत नसत, दरवेळी एखादं नाकात काटे भरून घेऊन केकाटत माझ्याकडे यायचं. मी ते काटे उपटायची. पोरीच्या जातीनं शिकारीवर जाऊ नये असं माय म्हणायची, पण बाच्या मागे मागे जायला मला लहानपणापासून कुणी अडवलं नाही.

शिकार कोणीही मारली तरी ती गावाची. गावाबाहेरच्या मोठ्या मोहाखाली ती आणायची, काटे उपटून, जाळावर भाजून, खरवडून साफ करायची आणि जमिनीवर पळसाची पानं मांडून त्यांवर वाटे घालायचे. वाटे घालायचं काम बाचं. त्याच्या हाताला कमीजास्त ठाऊक नव्हतं म्हणून सगळ्यांनी ते त्याच्याकडे दिलं होतं. वाटा घालून तो मोठ्यानं पुकारायचा, ह्याच्या घरचा, त्याच्या घरचा. पहिला घाव ज्याचा त्याला मुंडकं, बीळ ज्यानं हुडकलं त्याला पुढची तंगडी, कुत्र्यांना आतडी. वाटे पडत असताना कोणी परका वाटसरू आला तर त्यालाही बसवून घेऊन वाटा द्यायचा. आणि गावात एखादी बाई पोटुशी असेल तर तिच्या पोटातल्या लेकराचाही वेगळा वाटा पडायचा. कलेजी आणि मऊ मऊ मांस त्याला. बा उभा राहून पुकारायचा, "पोटातल्याचा वाटा!" आणि सगळी माणसं हुंकार भरायची. अजून जन्माला न आलेल्या माणसाला गावानं आपल्यात धरलं, असा त्याचा अर्थ. मांस जमिनीवर आहे तोवरच हे पुकारायचं, मागाहून चालत नाही. जो वाटा पुकारला नाही तो चोरीचा.

ह्या वाट्याशी बाचं एक जुनं दुखणं होतं. फुलवंता, म्हणजे आमची फुलाबाई, माझी थोरली बहीण, तिच्यात आणि माझ्यात बरंच अंतर. मधे मायला एक मुलगा झाला होता. तो पोटात असताना शिकार झाली आणि स्वतःच्या बायकोच्या पोटातला वाटा चारचौघांत स्वतःच कसा पुकारायचा, म्हणून बा लाजला. तसाच घरी घेऊन आला. तो मुलगा पाळण्यात पुरता हसलाही नाही आणि गेला. माय म्हणायची, त्याला ताप होता. सुईण म्हणायची, नाळ नीट नव्हती. बा काहीच म्हणायचा नाही, पण माझ्या वेळी त्यानं इतक्या मोठ्यानं पुकारलं म्हणे की रानात ढोरं दचकली. बुधराममामा ते सांगून मला चिडवायचे, तुझ्या वाट्याचा पुकारा टेसनापर्यंत गेला होता म्हणून तू अशी बोलकी.

फुलाबाईला मी बाईच म्हणायची. दिसायला सावळी, केस कमरेच्या खाली, आणि खाण्याची भारी हौस. सायाळीचं कालवण झालं की ती माझ्याशेजारी बसायची, एकाच थाळीत. चरबीचा मऊ तुकडा हाताला लागला की दोन तुकडे करायची आणि म्हणायची, "अर्धं तुझं." मोठा तुकडा माझ्याकडे यायचा. तिचं लग्न आमगावाकडच्या एका बऱ्या घरी झालं. जमीन होती, धानाचा व्यापार होता, माणसं शांत, शिवी म्हणून तोंडात नाही. फक्त त्यांच्या घरी सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची कंठी. मांस, मासळी, अंडं, काही नाही. लग्नात तिच्याही गळ्यात कंठी पडली. बाला हे आधी सांगितलं होतं, त्यानं विचार केला आणि म्हणाला, पोरगी सुखात राहील, मांस काय, एक दिवस खाल्लं न खाल्लं. बाईनंही काही कुरकुर केली नाही. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा आम्ही मासळी खात होतो, ती दुसऱ्या चुलीवरची वांग्याची भाजी घेऊन माझ्या शेजारीच बसली आणि त्यातली फोड मोडून म्हणाली, अर्धं तुझं.

पुढच्या खेपेला ती बाळंतपणाला आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. नुसतं पोट आणि डोळे. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, पेज घेतली तरी उलटून पडायची. सुईणीनं पोटाला हात लावून पाहिलं आणि मायला बाजूला नेऊन सांगितलं की लेकरू हलतंय पण जोर नाही, पोरीचं मन कशावर गेलंय ते विचार आणि दे. मायनं विचारलं. बाई रडायला लागली, सांगेना. माय रोज विचारायची आणि बाई रोज म्हणायची, काही नाही. शेवटी एक दिवस केस विंचरताना तिनं मायच्या हातातला भांग पाडायचा काटा घेतला, नाकाशी धरला आणि वास घेत बसली. मायला कळायचं ते कळलं.

आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या दोन-तीन दिवसांत आमच्या घरात जेवढी कुजबुज झाली तेवढी नंतर कधी झाली नाही. कळलं तर सासरी नेणार नाहीत, ही भीती. नाही दिलं तर पोरगी आणि लेकरू दोघं हातची जातील, ही दुसरी. मायनं ठरवलं की द्यायचं, पण कानोकान खबर होऊ द्यायची नाही. बा बुधराममामांकडे गेला, आणि पौषातल्या एका सकाळी माणसं कुदळी-सब्बल घेऊन डोंगराकडे निघाली. निघताना मायनं बाला दाराशी गाठलं. मी कुत्र्याला दोरी बांधत तिथंच होते.

"आज पोटातल्याचा वाटा पुकारू नोका," माय म्हणाली. "आपल्या घरचा पडंल त्यातलाच तिले देईन मी. कोनाले कायले कळू द्याचं?"

बानं कुदळ खांद्यावर टाकली. तसाच निघून गेला.

दुपार कलायच्या आत सायाळ मोहाखाली आली. मोठी, चरबीनं लदलेली मादी होती. मी टोपली घेऊन गेले होते, आमचा वाटा आणायला. बा पानं मांडत होता, एक एक घर पुकारत होता, आणि इतक्यात स्टेशनकडच्या पायवाटेनं डोक्यावर टोपली घेऊन एक माणूस आला. मी त्याला लांबूनच ओळखलं. बाईच्या सासरचा सालदार, झिटू. म्हातारा, सरळ, त्या घरी जन्म घालवलेला. सासूनं सुनेसाठी तिळाचे लाडू आणि जुनं मऊ लुगडं पाठवलं होतं, ते घेऊन तो सकाळच्या गाडीनं आला होता. गाव शिकारीवर बसलेलं पाहून त्यानं रामराम केला. रीत ती रीत, बुधराममामांनी त्याला बसवून घेतलं, बानं त्याच्यासाठी पान मांडलं आणि पाव्हण्याचा वाटा पुकारला. झिटूच्या गळ्यात काही कंठी नव्हती. तो खूष झाला.

सगळी घरं झाली. बाच्या पुढे कलेजी आणि मऊ मांसाचा छोटा ढीग उरला होता. सगळ्या गावाला ठाऊक होतं तो कोणाचा. बुधराममामांनी हळूच विचारलं, अजून कोणाचं राहिलं का गा? बा खाली बघत होता. मग त्यानं झिटूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मायचे शब्द मला पाठ होते. मी मान हलवून त्याला नको नको म्हणत होते. बा उठला, रक्तानं भरलेले हात धोतराला पुसले आणि पुकारलं, "पोटातल्याचा वाटा! फुलवंताच्या पोटातल्याचा." माणसांनी हुंकार भरला. झिटूनंही भरला, सगळ्यांत मोठ्यानं.

बा झिटूला गप्प राहा म्हणाला असता तर म्हातारा मरेपर्यंत गप्प राहिला असता, हे मला पक्कं माहीत आहे. पण एखादी गोष्ट चार लोकांत पुकारायची आणि मग कानात सांगायचं की लपव, हे बाच्या डोक्यात बसतच नव्हतं. घरी आल्यावर मायनं कपाळावर हात मारला. बा एवढंच म्हणाला, "एक वाटा मी गिळला होता. दुसरा नाई गिळत."

त्या दिवशी कालवण घरामागच्या सांदवाडीत तीन दगडांच्या चुलीवर बानंच शिजवलं. शिकारीचं मांस आमच्याकडे पुरुष शिजवायचे, घराबाहेर, मातीच्या मडक्यात. मायनं लसूण, मिरची, भाजलेला कांदा आणि धने पाट्यावर वाटून दिले. टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाचा कडवट वास आधी यायचा आणि मग चरबी सुटली की तो वास मागे पडून एक गोडसर वास अंगणभर व्हायचा. बाईनं गळ्यातली कंठी काढून खुंटीला टांगली, तिला हात जोडले आणि पानावर बसली. पहिला घास तिनं तोंडात धरून ठेवला, गिळेना. मग गिळला. आणि मग ती जेवली. कितीतरी दिवसांनी पोट भरून जेवली आणि काही उलटून पडलं नाही. बा चुलीपाशी पाठमोरा बसून होता, त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं धूर गेला असेल डोळ्यांत. बाईनं कलेजीचा तुकडा मोडला आणि माझ्या तोंडाशी आणला. मी म्हटलं, हे तर बाळाचं आहे. ती म्हणाली, बाळाची मावशी काय उपाशी राहील? अर्धं तुझं. मी खाल्लं. तसं चवदार मी पुन्हा काही खाल्लं नाही, आणि हे मी तेव्हाची पोर म्हणून नाही, आजची म्हातारी म्हणून सांगते.

झिटूनं घरी जाऊन सांगितलं. वाईट मनानं नव्हे हो! त्याला वाटलं, केवढी मानाची गोष्ट. घरचा मालक चार मंडळींसोबत बसला असताना त्यानं हात जोडून सांगितलं की मालक, तुमच्या नातवाचा वाटा पडला, अख्ख्या गावानं हुंकार भरला. हे सगळं मला बाईनंच सांगितलं, फार पुढं.

फाल्गुनात बाईला मुलगा झाला. जाडजूड, काळाभोर, रडला तर शेजारच्या घरी ऐकू जावं असा. बानं निरोप धाडला. बारशाला कोणी आलं नाही. माय रोज पायवाटेकडे बघायची. मोहाची फुलं पडायला लागली तेव्हा एका सकाळच्या गाडीनं सासरा आला, मागे जावई परसराम. जावई गुणी माणूस होता, पण बापापुढं मान वर करायचा नाही. दोघं सपरीत बसले. मायनं पाण्याचा लोटा पुढं ठेवला. तो तसाच राहिला, कोणी हात लावला नाही. मी दाराआडून त्या लोट्याकडेच बघत होते.

सासरा आवाज न चढवता बोलला. बा वाईट माणूस नाही, हे तो चार लोकांत सांगेल म्हणाला. फक्त व्याह्याला एक विचारायचं होतं.

"जेवतानी कंठी गळ्यात होती का, इवाई?"

मायनं तोंडाला पदर लावला. बाला हो म्हणता आलं असतं.

"खुंटीवर होती," बा म्हणाला.

सासऱ्यानं बराच वेळ मान हलवली. मग त्यानं सांगितलं की सुनेला आणि नातवाला तो टाकणार नाही, गुरूंना विचारून आला आहे. तिला उपास घडतील, नवी कंठी पडेल. पण जिथं कंठी खुंटीवर गेली त्या घरचा उंबरा तिला बंद. ह्या घरचं अन्न नाही, पाणी नाही, तिलाही नाही, मुलालाही नाही. हे कबूल असेल तर आजच्याच गाडीनं चला. नसेल तर मुलगा मोठा झाल्यावर आपल्या बापाचं घर विचारत येईल तेव्हा बघू.

माय भांडली. तिनं सासऱ्याला नाही नाही ते सुनावलं, लेकरू जगलं ते कशानं जगलं ते विचारलं. सासरा ऐकून घेत राहिला. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याला राक्षस करून टाकलं तर गोष्ट सोपी होईल, पण खरी होणार नाही. बाई मुलाला घेऊन आतल्या खोलीत बसली होती. बा आत गेला आणि तिच्यापुढं जमिनीवर बसला.

"मी नाई जात म्हनलं तर, बा?" तिनं विचारलं.

"तर पोराले बाप नाई."

"आन गेली तर?"

बानं मुलाच्या पायाला बोट लावलं. त्यानं ते मुठीत धरावं तसं पायाच्या बोटांनी धरलं. "तर मले पोरगी नाई," बा म्हणाला. "वाट्यात चांगलं ते लेकराचं असते, फुला. तू जा."

नवी कंठी सासऱ्यानं फडक्यात बांधून आणली होती. ती गळ्यात पडली की त्या क्षणापासून सगळं बंद. बाईनं थोडा वेळ मागून घेतला. तिला तहान नव्हती, मला ठाऊक आहे, नुकतीच पेज घेतली होती. तरी ती मागं माठापाशी गेली, मायच्या हातून लोटा घेतला आणि उभ्यानं घटाघटा पूर्ण प्याली. पुन्हा भरून मागितला, तोही प्याली. पाणी हनुवटीवरून चोळीत गेलं. मग तोंड पुसलं, बाहेर आली आणि मान पुढं केली.

आम्ही दरेकशाच्या स्टेशनपर्यंत गेलो. तेव्हा फलाट म्हणजे नुसती खडी होती आणि एक पिंपळ. बाई डब्यात चढली, मुलाला छातीशी धरून खिडकीशी बसली. मायनं सवयीनं वाटेसाठी तांदळाच्या भाकरी बांधून आणल्या होत्या, आणि गाडी सुटायच्या वेळी तिच्या ध्यानात आलं. ती पुरचुंडी हातातच राहिली. घरी आल्यावर त्या भाकरी कोणी खाल्ल्या नाहीत, गाईला घातल्या.

त्यानंतर बानं शिकार सोडली नाही. लोकांना वाटलं होतं सोडेल. पण वाटे घालताना सगळी घरं झाली की तो अजून एक पान मांडायचा आणि पुकारायचा, "फुलवंताचा वाटा." पहिल्यांदा पुकारलं तेव्हा कोणाला हुंकार भरायचं सुचलं नाही. मग बुधराममामांनी भरला, आणि पुढं सगळेच भरायला लागले. न नेलेला वाटा रानाला परत द्यायचा असतो. ते पान बिळाच्या तोंडाशी नेऊन ठेवायचं काम माझं होतं. मी ते ठेवायची आणि मागं न बघता पळत यायची. माझं लग्न होईपर्यंत मी ते केलं, मग कोणी केलं मला ठाऊक नाही.

एकदा निरोप आला की बाई घरच्यांसोबत रायपूरकडे गुरूंच्या दर्शनाला जाते आहे, गाडी दरेकशावरून जाईल. बा सकाळपासून स्टेशनवर. मीही तेव्हा माहेरी आले होते. वाटेत त्यानं बोरं तोडून धोतराच्या सोग्यात बांधून घेतली होती, बाईला आंबटगोड बोरं फार आवडायची. गाडी थांबली, बाई खिडकीशी होती, मुलगा खिडकीच्या गजांना धरून उभा. बा जवळ गेला, सोगा सोडला आणि थांबला. बोरं रानाची की घरची, हे त्याला ठरवता येईना. बाईच्या शेजारी सासू बसली होती. बाई बोरांकडे पाहत होती. बानं एक बोर उचलून स्वतःच्या तोंडात टाकलं, चावलं, आणि तिच्याकडे बघून मान हलवली, की गोड आहेत. ती हसली. गाडी गेली. बाकीची बोरं बानं मला दिली आणि म्हणाला, उन्हानं डोळे दुखून राहिले.

बा गेला तो पावसाळ्याच्या शेवटी, धान निसवत असताना. चार दिवसांचा ताप. बुधराममामांचा मुलगा पहिल्या गाडीनं आमगावाकडे गेला. आम्ही थांबलो तेवढं थांबलो, पण ऊन होतं, दुसरी गाडी उशिरा होती, आणि म्हाताऱ्यांनी सांगितलं आता नाही ठेवता येणार. माणसं नाल्याकडे माती देऊन परत आली तेव्हा बाई अंगणाबाहेर कुंपणापाशी बसलेली दिसली, कडुनिंबाखाली. मुलगा शेजारी उभा होता, चांगला उंच झाला होता, गळ्यात कंठी. तिनं बाला पाहिलंच नाही. मायनं तिला गळ्याशी धरलं, दोघी कुंपणाच्या बाहेरच रडल्या. मुलगा तहानलेला होता, जीभ ओठांवरून फिरवत होता. माय घाईनं आत गेली आणि लोटा घेऊन आली, आणि अंगणाच्या मधेच थबकली. मुलानं आईकडे पाहिलं. बाई म्हणाली, "त्याले नाल्याचं पाजजो कोनी तरी." बुधराममामा त्याला हाताला धरून नाल्याकडे घेऊन गेले.

माती देऊन आलं की आमच्याकडे घरात शिरण्याआधी प्रत्येकानं कडुनिंबाचा पाला चावायचा. एका माणसानं डहाळी तोडली, सगळ्यांच्या हातावर पानं ठेवत तो आला आणि बाईपाशी येऊन घुटमळला. द्यावं की नको, त्याला कळेना. बाईनं मान वर करून झाडाकडे पाहिलं. तो कडुनिंब कोणी लावला नव्हता, कुंपणाच्या बाहेर आपोआप उगवला होता, बा जन्मण्याच्याही आधी. तिनं हात पुढं केला. त्यानं त्यावर पाल्याची एक लहानशी काडी ठेवली.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं ती काडी दोन्ही हातांत धरली, मोडली आणि मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"अर्धं तुझं," बाई म्हणाली, आणि आपला पाला तोंडात घालून चावत राहिली.